शंभर पेट्यांचा हिशेब नेमका कुठे अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपासून मधमाश्यांच्या दहा पेट्या आहेत. गेल्या हंगामात पेटीमागे सरासरी २५ किलो मध निघाला आणि तो ओळखीपाळखीत हातोहात खपला. आता निवृत्त होणारे एक मधपाळ आपल्या ९० पेट्या एकगठ्ठा विकायला काढतायत. त्या घेतल्या की शंभर पेट्या, म्हणजे अडीच हजार किलो मध. मग नोकरी सोडावी का?

गुणाकार बरोबर आहे, पण तो ज्यावर उभा आहे ते बरोबर नाही. दहा पेट्यांवरची सरासरी शंभरावर टिकत नाही. ओळखीतला भाव दोन हजार किलोला मिळत नाही. आणि आज तुम्ही स्वतःचा वेळ फुकट धरलाय, तो शंभर पेट्यांवर फुकट धरता येणार नाही.

हा हिशेब मी पैशात मांडत नाही, मधाच्या किलोत मांडते. भाव जागेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्याचे पैशातले आकडे तुमच्या कामाचे नसतात. तुमच्याकडे व्यापारी डब्यातला मध ठोक भावाने ज्या दराने उचलतो, तो दर म्हणजे एक किलो. साखर, इंधन, पेटी, मजुरी, सगळ्याला त्या दराने भागायचं. याचा एक फायदा असा की मधाचा भाव पडला तर प्रत्येक खर्च आपोआप फुगलेला दिसतो. पैशातल्या वहीत ते उशिरा कळतं.

आता शंभर पेट्यांचं एक नमुना वर्ष घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, त्या जागी तुमचे घाला. फुलोरा सुरू होतो त्या दिवशी शंभरातल्या ७० वसाहती कामाच्या आहेत असं धरा. उरलेल्या तिसांतल्या काही मेल्या, काहींची राणी गेली, काहींनी नेमका त्याच वेळी थवा सोडला, आणि काही जिवंत आहेत पण स्वतःच्या पोटापुरतंच कमावतात. सत्तरांनी सरासरी २० किलो दिले तर १,४०० किलो मध झाला. खर्चाच्या बाजूला, फुलं नसतात त्या टंचाईच्या काळात पेटीमागे ८ किलो साखर लागली आणि साखरेचा दर मधाच्या चौथाई असला, तर २०० किलो तिथे गेले. माश्यांवर जगणाऱ्या वरोआ या परजीवी कोळ्यांवरच्या उपचाराला ५० किलो. पेटीचा पूर्ण संच २० किलो मधाच्या किमतीचा आणि दहा वर्षं टिकणारा धरला तर झीज वर्षाला २०० किलो. मेणपत्र्यांना (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत घालायचे मेणाचे पत्रे) ५०. फुलोऱ्यामागे दोनदा हलवणं आणि वर्षभराच्या फेऱ्या मिळून २५०. मध काढणीच्या दिवसांतली मजुरी १००. बेरीज ८५०. हातात ५५० किलो.

यात तुमची मजुरी धरलेली नाही. पेटीमागे वर्षाला दहा तास लागले, तर शंभर पेट्यांना हजार तास. म्हणजे तुमच्या एका तासाला अर्ध्या किलोहून थोडा जास्त मध, तोही ठोक भावाचा. आजच्या पगाराला तासांनी भागा आणि शेजारी ठेवा.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात. पहिली, कामाच्या पेटीमागे सरासरी १२ किलोवर आली की वर्ष कोरडं गेलं, कारण ८५० किलोचा खर्च बहुतेक ठरलेला असतो, मध येवो न येवो. उलट सरासरी ३० वर गेली तर उरतात जवळजवळ १,२५०. मध दीडपट झाला की शिल्लक दुपटीहून जास्त होते. म्हणून या धंद्यात एका वर्षावरून काहीही ठरवू नये. तुमचे २५ किलो चांगल्या वर्षाचे होते की नेहमीचे, हे तीन वर्षांच्या वहीतून नीटसं कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, आहे त्याच पद्धतीने आणखी ३० पेट्या वाढवायच्या. तेव्हा १३० पैकी ९१ कामाच्या, मध १,८२०, खर्च १,१०५, उरले ७१५. दुसरी, पेट्या शंभरच ठेवायच्या पण फुलोऱ्याला ७० ऐवजी ८५ वसाहती तयार करायच्या. मध १,७००, खर्च जवळपास तोच ८५०, उरले ८५०. म्हणजे तीस पेट्या, त्यांचं भांडवल आणि त्यांचे तीनशे तास न घालता जास्त शिल्लक. तरीही नवा माणूस पहिली वाट धरतो, कारण पेट्या विकत मिळतात आणि तयार वसाहत घडवावी लागते.

ती घडवायची कशी, हे माश्यांच्या आयुष्यक्रमावरच ठरतं. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात. त्यानंतर ती साधारण तीन आठवडे घरातली कामं करते, मग मकरंदासाठी बाहेर पडते. म्हणजे फुलोऱ्याच्या पहिल्या दिवशी जी माशी रानात हवी, तिचं अंडं सहा आठवडे आधी पडलेलं असायला हवं. फुलोरा तीन आठवड्यांचा असेल, तर तो सुरू झाल्यावर राणीने घातलेली अंडी तुमच्या काहीच उपयोगाची नाहीत. ती पिल्लं फुलोरा संपता संपता जन्मतात आणि आलेला मध खातात. मी कॅलेंडरवर फुलोऱ्याची तारीख लिहीतच नाही, तिच्या सहा-सात आठवडे मागची लिहिते. त्या दिवशी पेटीत अन्न कमी असेल किंवा पराग येत नसेल तर राणी हात आखडते. तेव्हा साखर आणि पाणी समान घेऊन पातळ पाक थोडा थोडा द्यायचा. फार आधी सुरू केलात तर वसाहत फुलोऱ्याआधीच दाटते आणि थवा बाहेर पडतो. अर्ध्याहून जास्त माश्या राणीसकट निघून जातात आणि सगळी तयारी वाया जाते.

बळकट वसाहतीचा फायदा नुसत्या बेरजेचा नसतो. सी. एल. फॅरार या अमेरिकी संशोधकाने १९३७ साली मोजून दाखवलं की वसाहत जितकी मोठी, तितका दर माशीमागचा मधही जास्त. कारण सरळ आहे: लहान वसाहतीतल्या बहुतेक माश्या पिल्लांना ऊब आणि खाऊ देण्यातच गुंतलेल्या असतात, रानात पाठवायला उरतातच थोड्या. त्यामुळे फुलोरा तोंडावर असताना दोन रोडक्या वसाहती दिसल्या तर मला प्रश्न पडत नाही. कमी चांगली राणी काढायची, दोन पेट्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून एकीवर एक ठेवायच्या. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो. पेट्यांची संख्या एकाने घटते आणि मध वाढतो. ज्यांना संख्या सांगायला आवडते त्यांच्या हे जिवावर येतं.

हे सगळं प्रामुख्याने मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या माशीला धरून. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या वसाहती लहान, थवे सोडण्याकडे आणि त्रास झाला की घर टाकून जाण्याकडे कल जास्त, म्हणून पेटीमागचा मध बराच कमी. पण पेट्या हलक्या, खाऊ कमी लागतो आणि वरोआ कोळ्याशी तिचं जुनंच नातं असल्याने उपचारावर खर्च नाही. सातेरीवर हिशेब बसवायचा तर ठोक विक्री विसरा, सगळा मध बाटलीतून थेट गिऱ्हाइकाला गेला तरच बसतो.

एक साधन मी सगळ्यांना घ्यायला लावते: वजनकाटा. प्रत्येक तळावर, म्हणजे पेट्या मांडलेल्या जागेवर, एका मध्यम ताकदीच्या पेटीखाली तो ठेवून द्या. फुलोऱ्याच्या भरात संध्याकाळी काटा सकाळपेक्षा तीन-चार किलो वर गेलेला दिसतो. पहाटे पुन्हा पाहा, त्यातला बराच भाग उडालेला असतो, कारण रात्रभर माश्या दाराशी रांगेत उभ्या राहून पंखांनी पाणी उडवत असतात. ३० टक्के साखरेच्या मकरंदातून एक किलो मध बनायला जवळजवळ पावणेतीन किलो मकरंद लागतो. ५० टक्क्यांचा असेल तर दीड किलोच्या थोडं वर भागतं. त्यामुळे संध्याकाळच्या काट्यावर हुरळून जायचं नाही, पहाटेचा पहाटेशी ताडायचा. लागोपाठ तीन पहाटा काटा हलला नाही की फुलोरा संपला. मध साठवायच्या रिकाम्या कोठ्या पेटीवर चढवणं त्या दिवशी थांबवायचं, काढणी आटोपायची, दारं लहान करायची. नाहीतर बळकट पेट्या रोडक्यांना लुटायला लागतात, आणि एकदा लूटमार सुरू झाली की सगळा तळ बिथरतो. दूरच्या तळावरची एक फेरी वाचली तरी काट्याचे पैसे लवकर वसूल होतात.

काढणीची घाई मात्र महागात पडते. फ्रेमवरचे, म्हणजे पोळं धरणाऱ्या चौकटीवरचे, कमीत कमी तीन चतुर्थांश कप्पे मेणाने झाकलेले असावेत. उघड्या कप्प्यांचं काय ते कळायला फ्रेम आडवी धरून खाली एक हिसका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, ठेवा परत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पाण्याची मर्यादा २० टक्के आहे, पण मी १८ च्या आतच थांबते, कारण त्यापुढे आंबण्याचा धोका वाढत जातो. एक डबा आंबला तर अख्ख्या पेटीची वर्षाची कमाई गेली. मधातलं पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर त्या मानाने काहीच महाग नाही.

आता नुकसानीकडे येते. तुमच्या मांडणीत वसाहती मरतच नाहीत. अमेरिकेत २००६-०७ नंतरच्या पाहण्यांमध्ये वर्षभरात साधारण ३० ते ५० टक्के वसाहती गेल्याचं पुन्हा पुन्हा दिसलंय. तरीही देशातली एकूण संख्या पंचवीस लाखांच्या आगेमागे टिकून आहे. याचा अर्थ माश्या सुखात आहेत असा नाही. मधपाळ दर वसंतात चांगल्या वसाहती फोडून, म्हणजे एकीच्या दोन करून, नव्या राण्या घालून खड्डा भरतात. हा खड्डा भरण्याचा खर्च कुणाच्याही जाहिरातीत नसतो. फोडलेली वसाहत त्या हंगामात मध देत नाही किंवा निम्मा देते. म्हणून शंभर पेट्यांच्या तळावर वीसेक छोट्या राखीव वसाहती सतत तयार असाव्यात. त्या मध देणार नाहीत, पण म्हाताऱ्या झालेल्या किंवा गेलेल्या राणीच्या जागी आठवड्यात दुसरी राणी देतील.

सर्वांत मोठं कारण वरोआ. मेलिफेरा वसाहतीवर उपचार केला नाही तर ती बहुतेकदा एक ते तीन वर्षांत जाते. दहा पेट्यांवर माणूस नजरेने अंदाज घेतो, शंभरावर मोजावंच लागतं. पिल्लांच्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या बरणीत घ्यायच्या (राणी त्यात नाही ना हे दोनदा पाहायचं), पिठीसाखर घालून घोळवायच्या आणि जाळीतून झटकायच्या. खाली पडलेले तांबूस ठिपके मोजायचे. शंभर माश्यांमागे तीनापर्यंत आकडा गेला की थांबू नये. फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल, थायमॉल, जे तुमच्याकडे मान्य असेल ते, पण मधाच्या कोठ्या उतरवल्यावर आणि लेबलवर सांगितलेल्या मात्रेत. ऑस्ट्रेलियात हा कोळी पोचलाच नव्हता, तोवर तिथल्या मधपाळांच्या खर्चात हा रकाना नव्हता. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात तो सापडला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने समूळ उच्चाटनाचा नाद सोडला. त्यानंतर तिथल्या प्रत्येकाला आपला हिशेब नव्याने मांडावा लागला.

भांडवलाबद्दल एकच सांगते. लाकडी पेटी हे तुमचं खरं भांडवल नाही, माश्यांनी बांधलेली मेणाची पोळी हे आहे. एक किलो मेण तयार करायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात, असा अंदाज सर्रास दिला जातो. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण दिशा बरोबर आहे. आधुनिक मधमाशीपालनाचं अर्थकारण याच एका बचतीवर उभं राहिलं. १८५२ मध्ये लँगस्ट्रॉथने हलत्या फ्रेमच्या पेटीचं पेटंट घेतलं, १८५७ मध्ये मेहरिंगने मेणपत्रा बनवला आणि १८६५ मध्ये ह्रुश्काने फिरत्या यंत्राने पोळं न मोडता मध काढून दाखवला. तिन्ही शोधांचा मथितार्थ इतकाच, की पोळं पुन्हा वापरायला मिळालं. त्यामुळे नव्या पेट्यांचं पहिलं वर्ष नेहमी कमी मधाचं जातं, ते घर बांधण्यात जातं. रिकामी पोळी मेणकिड्यापासून सांभाळणं हे म्हणूनच रोख रक्कम सांभाळण्याइतकंच गंभीर काम आहे.

तुमचं दोन फ्रेमचं हातयंत्रही विसरू नका. वरच्या कोठीतल्या फ्रेमवर दीड-दोन किलो मध धरला, तर १,४०० किलोसाठी सातशे ते नऊशे फ्रेम फिरवाव्या लागतील. एका वेळी दोन, बाजू उलटण्यासकट दहा मिनिटं, म्हणजे नुसतं हँडल फिरवण्यात साठ ते पंच्याहत्तर तास. झाकणं कापणं, गाळणं, धुणं वेगळंच. नव्वद पेट्यांच्या किमतीवर मोठं यंत्र, टाक्या आणि एक धुता येण्याजोगी खोली यांचा खर्चही धरा. झाकणांचं मेण मात्र जपून ठेवा. शंभर किलो मधामागे किलो-दीड किलो निघतं आणि ते खराब होत नाही.

आता विक्री. तुमचे अडीचशे किलो ओळखीत खपले, कारण ते अडीचशेच होते. त्यापुढचा मध ठोक बाजारात जातो आणि तिथला भाव तुमच्या श्रमांवर ठरत नाही. जगात वर्षाला अठरा-एकोणीस लाख टन मध होतो, त्यातला चौथा हिस्सा एकट्या चीनचा. शिवाय साखरेच्या पाकाची भेसळ. युरोपीय आयोगाने आयात मधाचे ३२० नमुने तपासले, त्यांतले ४६ टक्के संशयास्पद निघाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. ठोक व्यापाऱ्याशी घासाघीस करताना तुमच्या समोर दुसरा मधपाळ नसतो, पाकाचा कारखाना असतो. तिथे जिंकता येत नाही.

म्हणून थेट विक्री वाढवायची, पण तिचाही हिशेब करून. समजा १,४०० पैकी ४०० किलो तुम्ही ठोकाच्या अडीचपट दराने बाटलीतून विकला. वरकड ६०० किलो दिसते. बाटल्या, लेबल, ने-आण, फुटतूट यांत १५० गेले तरी ४५० उरतात, म्हणजे आधीचे ५५० होते ते हजार झाले. पण दिवसाच्या बाजारात पंधरा-वीस किलो खपत असेल तर हे वीस-पंचवीस दिवसांचं काम आहे. हे दिवस टंचाईच्या काळात येतील असं बघा, फुलोऱ्यात आले तर माश्या आणि गिऱ्हाइकं दोन्ही हातची जातील. नेहमीची दुकानं धरा, पण उधारीची मुदत पहिल्या दिवशी ठरवा.

गोठलेल्या मधावरून वाद होणारच. मोहरी, सूर्यफूल अशा ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर रवाळ होतो आणि गिऱ्हाईक साखर घातली म्हणतं. यावर भाषण देण्यापेक्षा तो मध मुद्दाम बारीक रव्याचा, लोण्यासारखा करून विका. एल्टन डाइसने १९३५ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं: बारीक रव्याचं विरजण मिसळायचं आणि १४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. पातळ करायचाच असेल तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, सावकाश. जास्त तापवला की एचएमएफ, म्हणजे उष्णतेने मधातल्या साखरेपासून बनणारं रसायन, वाढतं. कोडेक्सची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ८०, आणि मोठा खरेदीदार ते तपासतोच.

कुणी सांगेल, विशिष्ट फुलाचा महागडा मध काढा. न्यूझीलंडच्या मानुका या झुडपाच्या मधाकडे पाहा. भाव चढले तसे सगळे त्यात उतरले, नोंदणीकृत पेट्या २००५ च्या सुमारास तीनेक लाख होत्या त्या २०१९ मध्ये नऊ लाखांवर गेल्या. मग रान तेवढंच आणि मध जास्त, भाव घसरले, आणि पेट्यांची संख्या झपाट्याने खाली आली. ज्यांनी कर्ज काढून शेवटी पेट्या घेतल्या ते आधी बुडाले. एका फुलाच्या मधाला जास्त भाव जरूर घ्या, पण भांडवल त्या भावावर बेतू नका.

मधाशिवाय दोन मार्ग छोट्या मधपाळाला खरोखर उपयोगी पडतात. एक परागीभवनाचं भाडं. कॅलिफोर्नियात जगातले सुमारे ८० टक्के बदाम पिकतात, आणि दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बहुतेक व्यावसायिक वसाहती तिथे जाऊन उभ्या राहतात. तिथल्या अनेक मधपाळांचं वर्ष त्या भाड्यावरच तरतं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे करारात नुसत्या पेट्या मोजत नाहीत. सरासरी आठ फ्रेम माश्यांनी भरलेल्या हव्यात असं सहसा लिहिलेलं असतं आणि पेट्या उघडून तपासतात. म्हणजे तिथेही प्रश्न बळकट वसाहतींचाच. छोट्या करारातही फवारणी कधी, त्याआधी किती तास सांगायचं आणि माश्या मेल्या तर काय, हे कागदावर असू द्या. बंदिस्त शेड किंवा दाट लागवडीत पेटी मध आणत नाही, बहुधा खंगून परत येते. भाड्यात ती भरपाई धरा.

दुसरा मार्ग, पाच फ्रेमच्या तयार वसाहती आणि राण्या विकणं. तुमच्या भागात अशी वसाहत किती किलो मधाला जाते ते काढा. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांची मागणी फुलोऱ्याआधी असते आणि पुरवठा अपुरा. थवा सोडण्याच्या बेतात असलेली पेटी फोडून विकली तर तुमचा थवाही वाचतो आणि पैसे काढणीच्या आधी हातात येतात. ज्या धंद्यात खर्च बारा महिने आणि उत्पन्न तीन आठवड्यांत, तिथे या आधीच्या पैशांची किंमत मोठी. राजान्न (राणीचा खाऊ), पराग, प्रोपोलिस (माश्यांनी गोळा केलेला डिंक) यांच्या गोष्टी ऐकायला छान असतात, पण शंभर पेट्यांवर एकट्या माणसाने त्यात पडू नये.

नोकरीचं विचारलंत. वरच्या हिशेबाने ८५० किलोचा वार्षिक खर्च आहे. तेवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय सोडू नका, कारण एक कोरडा फुलोरा आला तरी पुढच्या वर्षी साखर आणि औषध लागणारच. चाळीस-पन्नास पेट्या नोकरी सांभाळून होतात, ओढाताण होते पण होतात. त्या टप्प्यावर दोन हंगाम काढले की कामाच्या वसाहतींचं तुमचं प्रमाण ७० आहे की ८५, हे तुम्हाला स्वतःला कळेल. मग पुढचं मला विचारावं लागणार नाही. शिवाय शंभर पेट्या एका जागी बसणार नाहीत. माश्या तीन किलोमीटरपर्यंत जातात हे खरं, पण जितकं लांब तितका उड्डाणातच मकरंद खर्च होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तीसेकांच्या पुढे तळ वाढवला की सरासरी घसरायला लागते. म्हणजे तुम्हाला तीन-चार जागा हव्यात, पाणी असलेल्या, गाडी पोचणाऱ्या.

आता त्या नव्वद पेट्या. फुलोऱ्यात पाहायला जाऊ नका, तेव्हा सगळ्याच छान दिसतात. टंचाईच्या काळात जा आणि दर पाचवी पेटी तुमच्या निवडीने उघडा, त्यांच्या निवडीने नव्हे. किती फ्रेमवर माश्या आहेत, पिल्लांचा पट्टा सलग आहे की ठिगळांचा, पोळी काळी पडलीत का, ते लिहून घ्या. पिल्लांच्या कप्प्यावर आत खचलेलं, भोक पडलेलं झाकण दिसलं तर आत काडी घालून सावकाश बाहेर ओढा. तपकिरी तार दोन-तीन सेंटिमीटर लांब निघाली तर तो अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे पिल्लं कुजवणारा जिवाणूंचा रोग आहे. त्याचे बीजाणू लाकडात आणि पोळ्यात कित्येक दशकं जिवंत राहतात. मग सौदा तिथेच थांबवा, फुकट दिल्या तरी नको, नाहीतर तुमच्या दहाही जातील. फ्रेमचं माप तुमच्या पेट्यांशी जुळतं का ते टेपने मोजा, दोन मापांचा तळ चालवणं म्हणजे रोजची डोकेदुखी.

सगळं ठीक निघालं तरी नव्वद घेऊ नका. तीस निवडून घ्या आणि उरलेल्यांचा पहिला हक्क पुढच्या वर्षापर्यंत लिहून मागा. पैसे दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता फुलोऱ्याच्या सुरुवातीला जिवंत आणि राणीसह असलेल्या वसाहतींच्या संख्येवर. आणि किंमत ठरवताना त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मागा, जी बहुतेक जण मागत नाहीत: त्यांच्या तळांच्या जागा, जमीनमालकांशी ओळख आणि जुन्या वह्या. कोणत्या जागी कोणता फुलोरा कधी लागतो, कोणत्या वर्षी हुकला, हे त्यात असतं. जागा आणि वह्या मिळत असतील तर पेटीमागे थोडं जास्त द्यायला हरकत नाही. नुसत्या पेट्याच मिळणार असतील तर नव्या पेटीच्या निम्म्या किमतीच्या वर जाऊ नका.